शिंग की पळी

माझ्या अल्बममध्ये सगळे राजे पालथे आहेत. नाण्यांच्या पुस्तकांत राजाची बाजू ती पुढची आणि देवीची बाजू ती मागची, असा रिवाज आहे. मी तो मानत नाही. प्लास्टिकच्या खिशात नाणं सरकवताना मी देवी वर येईल असं बघते, आणि राजेसाहेब आपसूक तोंड खाली करून पडतात. ज्यांना राजा बघायचाच आहे त्यांनी पान उलटावं.

हा नाद मला अकोल्यात लागला. मी वजन-मापं खात्यात निरीक्षक होते. दुकानदाराचा काटा बरोबर आहे का, वजनांवर त्या वर्षीचा सरकारी शिक्का आहे का, हे तपासणं माझं काम. बाजारात शिरले की "आली रे म्याडम" हा निरोप माझ्या आधी शेवटच्या दुकानापर्यंत पोचायचा आणि गादीखालची खरी वजनं भराभर वर यायची. मी तापट आहे हे मला मान्य आहे. पण वीस ग्रॅमसाठी गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या माणसाशी गोड कसं बोलायचं, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि आता साठी ओलांडल्यावरही कळत नाही.

एकदा एका सराफाचा काटा तपासत होते. शेजारच्या ताटलीत तांब्याची जुनी नाणी पडली होती. त्यातल्या एका नखाएवढ्या नाण्यावर एक बाई उभी होती आणि दोन हत्ती दोन बाजूंनी तिच्या डोक्यावर पाणी ओतत होते. हत्ती म्हणजे काय, दोन-चार ठिपके आणि एक सोंड. पण बाईची कंबर, तिचा वर उचललेला हात, सगळं जागच्या जागी होतं. सराफ म्हणाला, ही गजलक्ष्मी, उज्जैनकडची, दोन हजार वर्षांची तरी असेल, घेऊन जा मॅडम. मी फुकट काही घेत नाही हे त्याला माहीत होतं, तरी त्यानं म्हणून पाहिलं. मी रीतसर पैसे देऊन पावती घेतली. घरी नवऱ्याला दाखवलं तर तो चष्मा कपाळावर चढवून म्हणाला, "घरात एक देवी कमी होती का?"

तेव्हापासून मी फक्त बायका जमवते. कमळावर बसलेल्या, सिंहावर बसलेल्या, हातात आरसा धरलेल्या, काही नुसत्याच उभ्या. जमिनीत सापडलेलं म्हणून कोणी काही आणलं तर मी हात लावत नाही, ते सरकारचं असतं. ओळखीच्या व्यापाऱ्याकडून, पावती घेऊन, एवढंच. भिंगातून बघत बसले की एक गोष्ट माझ्या फार लवकर लक्षात आली. राजे लोकांचे हात पुष्कळदा मोकळे असतात, नाहीतर कंबरेवर असतात. बाईच्या हातात मात्र काहीतरी असतंच. फूल, फास, पोर, भांडं. दोन हजार वर्षांपूर्वी सुद्धा रिकाम्या हातानं बसलेली बाई कारागिराला बघवली नसावी.

मॅडमला बाईचं नाणं लागतं, ही बातमी बाजारात पसरली आणि मग माझी चांगलीच करमणूक झाली. जो तो राणीछाप रुपया घेऊन यायचा. इंग्रजांची राणी, गुबगुबीत गालांची, वर्षानुवर्षं लक्ष्मीपूजनाचं हळदकुंकू खाऊन पिवळीतांबडी झालेली. "म्याडम, बाईचं नाणं पायजे होतं ना तुमाले? हे घ्या. एकदम बाई." मी म्हणायचे, अहो, ही राणी आहे, मला जुनी देवी हवी. त्यावर एका किराणावाल्यानं मला शांतपणे सांगितलं, "आमच्या घरी इले शंभर वर्षं पुजून राहिले. अजून किती जुनी पायजे?" मी हसले आणि त्याचा काटा जरा जास्तच बारकाईनं तपासला. तेव्हा त्याच्या बोलण्याचा नीट विचार केला असता तर पुढची फजिती टळली असती.

पुढची फजिती म्हणजे भाजीवालीच्या अन्नपूर्णेची.

ही भाजीवाली माझी जुनी ओळखीची. अकोल्याच्या हद्दीवर त्यांची वाडी आहे. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, थोडा झेंडू असं पिकवायचं आणि बाजारात ओट्यावर बसून विकायचं. माहेर तिचं तेल्हाऱ्याचं. पहिल्या भेटीत मी तिच्यावर केसच करणार होते, कारण अर्ध्या किलोच्या वजनाच्या जागी तिनं एक गोटा ठेवला होता. मी गोटा माझ्या काट्यावर टाकला. पाचशे पंचवीस ग्रॅम भरला. म्हणजे बाई प्रत्येक गिऱ्हाइकाला पंचवीस ग्रॅम जास्तच देत होती. मी विचारलं, हे माहीत आहे का तुम्हाला? तर म्हणाली, "हो त. उन्नीस-बीस झालं त आपल्या अंगावर यावं, समोरच्याच्या नाई." गोटा मी तरीही जप्त केला. नियम म्हणजे नियम. पण त्या दिवसापासून भाजी मी तिच्याकडूनच घ्यायला लागले, आणि बदली होऊन अमरावतीला घरी परतले तरी ओळख सुटली नाही.

सुटली नाही याला कारण तिची मुलगी. हिला नांदगाव पेठेच्या कापडाच्या कारखान्यात नोकरी लागली. तपासणी खात्यात आहे, कापडाचा दोष शोधते, त्यामुळे आमचं दोघींचं जमतं. अमरावतीत तीन मैत्रिणींबरोबर खोली करून राहते. महिन्यातून दोनदा अकोल्याला जायची आणि परतताना आईनं दिलेली भाजीची थैली माझ्याकडं टाकून जायची. थैलीत वांगी किती आणि कढीपत्ता किती, मी कधी तोलून बघितलं नाही. तेवढी शरम मला आहे.

तिचं लग्न ठरलं. मुलगा अंजनगाव सुर्जीचा, तिकडं त्यांची केळी आहेत. रविवारी पेढे घेऊन आली तेव्हा मी टेबलावर अल्बम पसरून बसले होते. नवं आणलेलं एक नाणं मी भिंगाखाली धरलं होतं. कुषाण राजांच्या काळातलं, तांब्याचं, पार झिजलेलं. सिंहासनावर बसलेली देवी आहे हे सांगितलं तर कळावं इतपतच. ती वाकून बघायला लागली आणि म्हणाली, "काकू, ही त आमच्या देवघरात आहे."

"काय आहे?"

"हीच. अशीच बसलेली. आमची अन्नपूर्णा. पण आमची चांगली दिसते, इचं तोंड गेलं."

मी भिंग खाली ठेवलं. पुढच्या शनिवारी सकाळच्या गाडीनं तिच्याबरोबर अकोल्याला गेले.

अन्नपूर्णा म्हणजे काय ते आपल्याकडं सांगायला नको. लग्नाच्या दिवशी नवरी गौरीहरापाशी बसते, तिच्यापुढं पितळेची इवलीशी अन्नपूर्णा असते, मांडी घालून बसलेली, हातात पळी धरलेली. मुहूर्ताआधी नवरी तिच्यावर अक्षता वाहते आणि मग तीच अन्नपूर्णा बरोबर घेऊन सासरी जाते. माझ्याही देवघरात माझी आहे. पण भाजीवालीच्या देवघरात, वाटीभर तांदळात, पितळेच्या मूर्तीच्या जागी एक तांब्याचं नाणं टेकून बसवलेलं होतं. तिला ते तिच्या आईनं दिलं, आईला तिच्या आईनं. त्याच्या पलीकडचं कोणाला ठाऊक नाही. कधीतरी कोण्या मायजवळ पितळेच्या मूर्तीपुरते पैसे नसतील, किंवा फेरीवाल्यानं अन्नपूर्णा म्हणूनच विकलं असेल. नाणं लेकीकडून लेकीकडं सरकत आलं होतं आणि आता या मुलीच्या लग्नात तिच्या हाती जायचं होतं.

मी चपला बाहेर काढल्या, हात धुतले आणि वाटीपुढं बसले. इतक्या वर्षांत इतकी स्वच्छ देवी मी व्यापाऱ्याकडंही पाहिली नव्हती. उंच पाठीचं सिंहासन, डोक्यामागं प्रभावळ, एका हातात फीत, आणि दुसऱ्या हाताशी, खांद्यापर्यंत गेलेलं, फळाफुलांनी भरलेलं शिंग. कडेला ग्रीक वळणाची अक्षरं सुद्धा शाबूत. अर्दोक्षो. कुषाणांच्या राज्यात पुजली जाणारी, इराणकडच्या मुलखातून आलेली भरभराटीची देवी.

"घासत नाही का तुम्ही हिला?" मी विचारलं. देवघरातल्या जुन्या नाण्यांचा सत्यानाश चिंचेनं होतो. दर दिवाळीला चिंच लावून घासतात आणि शे-दोनशे वर्षांत देव सपाट होतो.

"नाई जी," भाजीवाली म्हणाली. "इले चिंच लावत नाई. मायी माय म्हने, दिवसभर सैपाक करून थकते ती, तिले अंग घासाले कावून लावता? तांदळात बसू द्या निवांत. शुक्रवारी तांदूळ बदलतो आमी, जुने भातात टाकतो. बस."

नाणं कधीही घासू नये, हा आम्हा नाणेवाल्यांचा पहिला नियम. तो मला शिकायला एक चांगलं नाणं खराब करावं लागलं होतं.

"आणि मागच्या बाजूला?"

"मागं एक मानूस आहे. उभाच रायते. नवरा असंन तिचा." तिनं पदर तोंडाला लावला. "त्याले आमी पुजत नाई."

तो कुषाण राजा होता, अग्निकुंडात आहुती देणारा. त्याला तांदळात तोंड खुपसून बसवणारं हे एक घर मला माझ्याआधीचं निघालं, याचा मला विलक्षण आनंद झाला. मी पर्समधला छोटा काटा काढला. सवयच ती. भाजीवालीनं माझा हात धरला नाही, पण वाटी जरा मागं घेतली. "म्याडम, अन्नपूर्णेले काट्यावर ठेवता का?" मी काटा पर्समध्ये परत टाकला.

इथवर सगळं ठीक होतं. चहा झाला असता, फोटो काढले असते आणि मी दुपारच्या गाडीनं परत आले असते. पण मला ते नाणं हवं होतं. असं काही हवं असलं की माणूस आधी स्वतःला पटवतो. मी मनाशी म्हटलं, ही पोरगी अंजनगावला नेईल, तिथं सासूबाई चिंचेनं घासतील, चार दिवाळ्यांत देवीचं नाक जाईल. माझ्याकडं राहिलं तर निदान टिकेल. हे पटल्यावर मी तोंड उघडलं. म्हटलं, मी मुलीला चांदीची अन्नपूर्णा करून देते, चांगली वजनदार, सराफाकडून नवी घडवून. ही मला द्या.

भाजीवाली जराही रागावली नाही. "नाई जमत म्याडम. लेकीचं आहे ते."

एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण मी तीस वर्षं बाजारात कोणाचं ‘नाही’ ऐकून घेतलं नव्हतं. म्हणाले, "अहो, पण ही अन्नपूर्णा नाहीच मुळी. हिचं नाव अर्दोक्षो. ही आपल्याकडची देवीसुद्धा नाही, पार अफगाणिस्तानाच्या पलीकडून आलेली आहे. आणि ही पळी नाही. हे शिंग आहे. जनावराचं शिंग."

मुलगी चहाचे कप घेऊन आली होती, ती दारातच थांबली. भाजीवालीनं वाटी डोळ्यांजवळ नेली. ज्या रेषेला तिनं आयुष्यभर पळी म्हणून पाहिलं होतं तिच्याकडं ती बराच वेळ बघत राहिली. वरचं टोक रुंद, खाली निमुळतं होत वळलेलं. एकदा सांगितलं की शिंगच दिसतं.

"म्हंजे मायी माय," ती हळू म्हणाली, "आन् तिची माय... चुकीचीच पुजत होत्या?"

मी काहीतरी सारवासारव केली. तसं नाही, देव एकच, वगैरे. ते माझं मलाच खोटं वाटलं. तिनं नाणं तांदळातून उचललं आणि वाटीशेजारी पाटावर ठेवलं. पुन्हा तांदळात नाही ठेवलं. मुलीला म्हणाली, "उद्या बाजारातून पितळेची घेऊन येऊ. लगनात घोळ नको." चहा मी प्यायले, पण कसा होता ते सांगता येणार नाही.

घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. तो माझ्या रागाला कधी घाबरला नाही आणि माझ्यावर कधी ओरडलाही नाही. टोमॅटो चिरता चिरता म्हणाला, "म्हणजे तू काट्याला बोट लावलंस."

आमच्या खात्यात याहून वाईट शिवी नाही. वजन खरं, काटा खरा, पण दुकानदार बोलता बोलता पारड्याला बोट लावतो आणि माल जड होतो. मी जे बोलले त्यातला शब्दन् शब्द खरा होता. पण तो मी सांगितला कशासाठी? तिला कळावं म्हणून नाही. तिच्या हातातून नाणं सुटावं म्हणून. मला माझीच लाज वाटली. रात्री जेवले नाही म्हणून नवऱ्यानं टोमॅटोचं सार दोनदा गरम केलं.

पुढचा रविवार गेला, मुलगी आली नाही. त्याच्या पुढचाही गेला. फोन करावा तर काय बोलणार? लग्नाला आता दहाच दिवस उरले होते. आणि खरं लिहायचं तर हेही लिहिलं पाहिजे की एवढी लाज वाटूनही मनाच्या एका कोपऱ्यात मी विचार करत होते की, पितळेची आणली असेल तर ते नाणं आता ठेवलं कुठं असेल?

मग एका सकाळी, आदल्या रात्रीच अकोल्याहून परतलेली मुलगी कारखान्याच्या वाटेवर थैली घेऊन दारात उभी राहिली. "आईनं बोलावलं तुमाले. बाजारातच या म्हणाली." थैलीत मेथीच्या दोन जुड्या होत्या. मला बरं वाटलं आणि कोपऱ्यातल्या त्या दुसऱ्या मनालाही बरं वाटलं. बहुतेक देऊन टाकणार.

मी त्याच दिवशी गेले. अकोल्याच्या बाजारात भाजीवाली नेहमीच्या ओट्यावर होती. समोर वांग्यांचा ढीग. किडकी एकीकडं, चांगली एकीकडं, असं चाललं होतं. मला बसायला तिनं प्लास्टिकचं क्रेट उलटं करून दिलं. मी माफी मागायची वाक्यं गाडीत तयार केली होती, पण तिनं मला बोलूच दिलं नाही.

"म्याडम, त्या बाईचं काय नाव म्हन्लं होतं तुमी?"

"अर्दोक्षो."

"अर... दोक्षो." तिनं दोनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्यांदा बरोबर आलं. "आन् लय दुरून आली म्हने."

"हो. फार दुरून."

तिनं एक वांगं उलटंपालटं करून बघितलं आणि चांगल्यांत टाकलं. "मंग ते तिचं माहेरचं नाव असंन."

मी मांडीवरची पर्स खाली ठेवली.

"मी विचार करून राहिली होती पंधरा दिवस," ती म्हणाली. "पितळेची आनली बी. पन तिच्याकडं पाह्यलं की परकी वाटे. मंग काल भाकरी थापता थापता माया ध्यानात आलं. मायं तरी काय? तेल्हाऱ्यात मायं नाव येगळं होतं. इकडं आली, ताटात तांदूळ पसरले, त्याच्यात अंगठीनं दुसरं नाव लिवलं, मी दुसरी झाली. कोन म्हन्लं का मले, तू चुकीची हायस? ती बी तशीच आली. तिकडं अर्दोक्षो होती, इकडं तांदळात बसली, अन्नपूर्णा झाली. आन् ते शिंग म्हनता ना, ते माहेरून काईतरी भरून आनलं असंन तिनं संग. आमी सैपाकघरात नेऊन बसवली आन् पळी देली हातात. दुसरं काय देतेत बाईच्या हातात?"

एका गिऱ्हाइकानं वांगी कशी दिली विचारलं, तिनं भाव सांगितला, तोलून दिली, दोन वरून टाकली. मी क्रेटवर बसूनच होते. कुषाणांनंतर गुप्तांच्या सोन्याच्या नाण्यांवर हीच देवी तशीच सिंहासनावर बसलेली येते, मग हळूहळू तिच्या हातातलं शिंग जातं आणि कमळ येतं, सिंहासन जाऊन बसायलाही कमळच येतं, आणि आपण तिला लक्ष्मी म्हणतो. हे मी जाडजूड ग्रंथांतून वाचलं होतं. त्यावर विद्वानांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. ती सगळी मला पाठ होती आणि त्यांचा अर्थ मला वांग्यांच्या ढिगापाशी कळला.

"पुन्हा तांदळात ठेवलं का?" मी विचारलं.

"कालच. मायबापाचं घर सोडून इतल्या दूर आलेली बाई, तिले पाटावर कुठं बाहेर ठेवता? पोरगी नेईन तिले अंजनगावले. ती बी तिच्यासारखीच चालली ना. एकीले एक सोबत." मग जरा थांबून म्हणाली, "तुमी फोटू काढा पायजे तर. तोलू मात्र नका."

मी माफी मागितलीच. ती म्हणाली, जाऊ द्या. आणि कोपऱ्यातलं ते दुसरं मन त्या दिवसापासून गप्प आहे. कसं गप्प झालं ते मला सांगता येणार नाही, मी काही फार मोठा त्याग वगैरे केला नाही. नाणं कोणाचं आहे याची शंकाच उरली नाही, एवढंच. घरी येऊन मी फोटो छापून घेतला आणि अल्बमच्या एका रिकाम्या खिशात सरकवला. खाली नेहमीसारखी चिठ्ठी लिहिली. इतर चिठ्ठ्यांवर राजा, धातू, वजन असं असतं. हिच्यावर लिहिलं: माहेरचं नाव अर्दोक्षो, सासरचं नाव अन्नपूर्णा, मुक्काम अंजनगाव सुर्जी, वजन माहीत नाही. नवऱ्यानं वाचलं आणि म्हणाला, "पहिल्यांदाच तुझ्या हातून काहीतरी तोलायचं राहिलं."

लग्न अंजनगावलाच झालं, मुलाकडच्या मंगल कार्यालयात. मी आणि नवरा सकाळीच पोचलो. गौरीहरापाशी मुलगी पिवळी साडी नेसून बसली होती आणि तिच्यापुढं स्टीलच्या वाटीत, तांदळात, ती. मुलीनं हळदकुंकवाची चिमूट उचलली तेव्हा माझा हात नकळत पुढं गेला. तांब्याला हळद फार वाईट. मग मी हात मागं घेतला आणि पदर सारखा केला. मुलीनं माझ्याकडं बघितलं आणि चिमूट नाण्याला न लावता तांदळावर वाहिली. म्हणाली, "आजीचा नियम आहे काकू. तिले काही लावत नाई." शेजारी मुलाची आई होती. तिनं वाकून बघितलं आणि ही कोणती हो अन्नपूर्णा, असं विचारलं. मुलीनं सगळं सांगितलं, नावासकट. बाई म्हणाली, "बरं झालं सांगतलं. मी त चिंचेनं चमकवली असती." आणि माझ्या चार दिवाळ्यांच्या हिशेबातली एकही दिवाळी खरी ठरली नाही.

पंगतीत मी बायकांच्या ओळीत बसले. घरचेच लोक वाढत होते. भाजीवाली नव्या लुगड्यात, हातात वरणाची बादली घेऊन, ओळीतून पुढं सरकत होती. लेक सासरी चालली म्हणून सकाळपासून दोनदा रडून झालं होतं, डोळे सुजलेले, पण वाढण्यात खंड नाही. माझ्यापाशी आली तेव्हा थांबली.

"म्याडम, एक इचारू का? तुमचं माहेरचं नाव काय वो?"

मी सांगायला तोंड उघडलं आणि मला क्षणभर आठवावं लागलं. नाव विसरले होते असं नाही. पण ते तोंडानं उच्चारायची वेळ किती वर्षांत आली नव्हती. नोकरी लागली ती लग्नानंतर, त्यामुळे हजेरीपटावर, आदेशावर, पाटीवर सगळीकडं सासरचंच नाव. आई-वडील गेले. भाऊ ताई म्हणतो. ज्या तोंडांत ते नाव होतं ती तोंडं एकेक करून मिटली, आणि मला ते कळलंही नव्हतं. इतकी वर्षं मी अनोळखी बायकांची नावं भिंगानं वाचत बसले होते.

मी सांगितलं.

भाजीवालीनं ते नाव एकदा मनाशी म्हणून पाहिलं. मग त्याच्यापुढं ताई लावून, मोठ्यानं, साऱ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाली, आणि पुढं म्हणाली, "वरन घ्या अजून."

माझ्या डोळ्यांना धार लागली. पोट भरलं होतं, तरी मी ताट पुढं केलं.